शाखेत जीव गुदमरतो, नोकरी सोडू का? एका निवृत्त बँकवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. वय 28, घर सांगलीकडं, नेमणूक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडगावच्या चार माणसांच्या शाखेत, समोर पीक कर्जाची रांग आणि रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा. वर तुम्ही विचारता, "बाकीच्यांना जमतं, मलाच का जमत नाही? मी मनानं कमकुवत आहे का?" मी याच भागात 33 वर्षं काढली. कॅशियर म्हणून लागलो, शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. बाकीच्यांना जमतं हा तुमचा समज आहे. आमच्या शाखेत डबा संपला की ज्याच्या त्याच्या खिशातून गोळ्यांच्या पट्ट्या निघायच्या. बीपीची, पित्ताची, झोपेची. त्यावरून कोणाला किती जमतंय ते कळायचं.

कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 साली, अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांच्या माहितीवरून, एक साधी गोष्ट मांडली. नुसत्या जास्त कामानं माणूस तेवढा खचत नाही. काम भरपूर आणि ते कसं, कधी करायचं हे ठरवणं मात्र दुसऱ्याच्या हाती, असं झालं की खचतो. आता तुमची खिडकी पाहा. लिंक गेली, तुमच्या हातात नाही. सातबाऱ्यावरचा फेरफार तलाठ्याकडं अडलाय, तुमच्या हातात नाही. कर्जमाफीत कोण बसणार हे मुंबईत ठरतं, विमा किती विकायचा हे रिजनल ऑफिसात. शिव्या मात्र खिडकीवर, आणि खिडकीत तुम्ही. 2008, 2017 आणि 2019 अशा तिन्ही कर्जमाफ्या मी काउंटरच्या आतून पाहिल्या. यादीत नाव का नाही, याचं उत्तर माझ्याकडं एकदाही नव्हतं, पण विचारलं मात्र मलाच गेलं.

ताण मोठ्या साहेबाला असतो ही आपली समजूतही तपासून घ्या. लंडनच्या सरकारी नोकरांवर 1967 साली सुरू झालेल्या अभ्यासात हृदयविकाराचे मृत्यू खालच्या पायरीवरच्या लोकांत जास्त निघाले. विडी-सिगारेट, रक्तदाब हे सगळं हिशोबात धरूनही तो फरक पुरता मिटला नाही. पुढच्या अभ्यासात तिथंही बोट गेलं ते कामावर स्वतःचा ताबा नसण्याकडं.

तुमच्या कामात आणखी एक ओझं आहे, जे कुठल्याच ड्यूटी शीटवर नसतं. आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली भावनांच्या मजुरीबद्दल लिहिलं. त्यांनी अभ्यासाला घेतले कोण, तर विमानातल्या हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे. एकीनं आत काहीही असो, हसायचं. दुसऱ्यानं आत कितीही कळवळा असो, दरडावायचं. तुम्हाला दोन्ही करावं लागतं, सकाळी काउंटरवर हसायचं आणि दुपारी मोटारसायकलवर वसुलीला जाऊन आवाज चढवायचा. त्यात तुम्ही स्वतः शेतकऱ्याच्या घरचे.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं पोकळ वाटेल. एका वर्षी माझ्या यादीतल्या एका थकबाकीदारानं आत्महत्या केली. पंधरा दिवसांपूर्वी नोटीस घेऊन मीच गेलो होतो. त्यानं चहा पाजला होता. बातमी आली त्या दिवशी वरून फोन आला आणि विचारलं गेलं ते खात्याचा तपशील, येणे किती, तारण काय. तुम्ही कसे आहात हे कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या शाखेतले दप्तरीभाऊ म्हणाले, "साहेब, तेरवीले जाऊन या." मी गेलो नाही. पुढं दोन वर्षं ते गाव टाळायला मी आठ किलोमीटरचा फेरा घेत होतो आणि पेट्रोलचं कारण सांगून स्वतःशीच हिशोब जुळवत होतो.

त्याच काळात मी बदललो. दप्तरीभाऊच एक दिवस म्हणाले, "साहेब, आजकाल तुमी मानसाच्या तोंडाकडे पाहतच नाई, कागदाकडंच पाहता." राग आला. पुष्कळ नंतर कळलं की मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लॅक यांनी बर्नआउटची, म्हणजे कामानं करपून जाण्याची, जी तीन लक्षणं सांगितली, त्यातलं हे एक. पार थकून जाणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, आणि समोरचा माणूस माणूस न वाटता प्रकरण वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली बर्नआउटची नोंद केली ती रोग म्हणून नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून. तेव्हा मार्च एंडिंगच्या आठवड्यात तुमच्या वरच्यांनी ठेवलेला तो ताणमुक्तीचा ऑनलाइन तास तुम्हाला चेष्टा वाटला, यात तुमचं काही चुकलेलं नाही. प्राणायाम चांगलाच आहे, मी रोज करतो. पण चार माणसांच्या शाखेत दोनच हजर असतील, तर प्राणायामानं तिसरा येत नाही.

मग हातात काय आहे? थोडं आहे, पण आहे. मी पीक कर्जाच्या नूतनीकरणाला गावनिहाय वार लावले. फळ्यावर खडूनं लिहिलं आणि गावात बँकेची कामं करणाऱ्या बँकमित्राकरवी गावोगाव निरोप धाडला. काम तेवढंच राहिलं, पण सकाळी शटर वर करताना आज कोण येणार हे माहीत असायचं. छातीवरचं अर्धं ओझं तिथंच उतरलं. आठवडी बाजाराचा दिवस मात्र मोकळा ठेवा, त्या दिवशी लोक पिशवी घेऊन येतात, कागदं घेऊन नाही. दुसरं, डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद झाल्यावर उद्याची राहिलेली कामं कधी आणि कशी करणार ते एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी ड्रॉवरमध्येच सोडून या. अर्धवट काम डोक्यात घुमत राहतं, पण ते करायचा नेमका बेत ठरला की मन त्याला सोडतं, असं 2011 साली प्रयोगातून दिसलं आहे. मला ते त्याआधीच एका म्हाताऱ्या हेडकॅशियरनं शिकवलं होतं. डबा एकट्यानं टेबलावर खाऊ नका, स्टाफसोबत बसा. रात्री नऊनंतर ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त गेलेली असेल, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि 14416 वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचे डॉक्टर असतात. ओळखीचं कोणी पाहील म्हणून मी टाळत राहिलो आणि शेवटी बीपी 170 वर गेल्यावर दुसऱ्याच डॉक्टरकडं उचलून नेलं.

राजीनाम्याचं म्हणाल, तर पोळ्यापर्यंत थांबा. तोवर पीक कर्जाची रांग ओसरलेली असते. तेव्हाही रविवारी पोटात गोळा येत असेल, तर तो हंगामाचा नाही, नोकरीचा आहे असं धरा आणि लिहायला बसा. बदलीचा अर्ज मात्र आजच टाका, त्याला तसंही वर्ष लागतं.