वाचकांचे प्रश्न : पहाडी राखणदार आणि पुण्याचा फ्लॅट

प्रश्न : हिमाचलमधून आणलेले आमचे गद्दी जातीचे पिल्लू आता आठ महिन्यांचे झाले आहे. ते रात्रभर गॅलरीतून भुंकते, पाहुण्यांवर गुरगुरते आणि हाक मारली तरी मनात असेल तेव्हाच येते. त्याला प्रशिक्षण केंद्रात ठेवावे का? उन्हाळ्यापूर्वी केस भादरावेत का?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : आपण ज्यांना खोडी म्हणता, तो या जातीचा पिढीजात पेशा आहे. हिमाचलमधील धौलाधार डोंगररांगेच्या कुरणांत मेंढपाळ झोपलेला असताना बिबट्याची चाहूल घेऊन स्वतःच्या अकलेने पुढे होणारा कुत्रा तिथल्या गद्दी या मेंढपाळ समाजाने जोपासला. बिबट्या नरडे धरतो, म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालण्याची तिकडे रीत आहे. हुकमाची वाट पाहणारा कुत्रा तेथे कुचकामीच ठरला असता. त्यामुळे जर्मन शेफर्डसारखी तत्परता याच्याकडून अपेक्षू नये.

त्याला महिनोन्महिने केंद्रात ठेवणे मला मान्य नाही. परक्याचा मार खाऊन तो परतला, तर गुरगुरणे कदाचित थांबेल, पण मग इशारा न देता चावणारा कुत्रा आपल्या घरात येईल. प्रशिक्षकालाच घरी बोलवावे. पाहुणा आल्यावर दार घरच्या माणसाने उघडावे, कुत्र्याला पट्ट्याला धरून दूर बसवावे, पाहुण्याने त्याच्याकडे टक लावून पाहू नये की हात पुढे करू नये, आणि तो शांत राहिला की खाऊ घरच्यानेच द्यावा. दूधवाला, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, शेजारची मुले या सर्वांची ओळख अशीच, घाई न करता करून द्यावी. लिफ्टमध्ये मात्र मझल, म्हणजे तोंडाला बांधायचे मुसके, हवेच. रात्री गॅलरी बंद ठेवून त्याला आत झोपवावे. रस्ता दिसत राहिला, तर तो पहारा करणारच.

केस अजिबात भादरू नयेत. वरचे राठ केस उन्हापासून कातडीचे रक्षण करतात आणि भादरल्यावर ते नीट उगवतीलच असे नाही. आतली सुटलेली लोकर विंचरून काढावी. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ४० अंशांपर्यंत जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत फिरवून आणावे. धाप थांबेना, लाळ चिकट झाली आणि झोक जाऊ लागला, तर अंग साध्या पाण्याने भिजवून, पंख्याखाली ठेवून लगेच पशुवैद्यांकडे न्यावे.

महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस बाकी असल्यास उरकून घ्यावी. हौसेने कॅल्शियमची औषधे सुरू केली असतील, तर ती पशुवैद्यांना दाखवावीत. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांमध्ये जादा कॅल्शियममुळे हाडे आणि सांधे बिघडतात.