एका झाडाला वर्ष दे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. 22 औषधी रोपांची यादी, प्रत्येकापुढे ते ज्यावर द्यायचं त्या आजाराचं नाव, आणि खाली प्रश्न: मे महिन्यात निम्मी जळाली, माझा हातच वाईट आहे का? अरे राजा, हाताला काय झालंय! नागपूरच्या 45 अंशांत, सिमेंटच्या स्लॅबवर, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या ठेवल्यास. मुळं शिजली. पुदिना तर इथे उन्हाळ्यात सावलीशिवाय तगतच नाही, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, थंडीतच पेरायचा. हे यादीत कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून यादी बाजूला ठेव. एक झाड घे आणि त्याला पूर्ण वर्ष दे.

तू गुळवेलीबद्दल विचारलंस, तर तीच घे. पाऊस नीट लागला की बोटाएवढ्या जाडीची कांडी तुमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली खोव. पान हृदयाच्या आकाराचं असतं, पण तेवढ्यावर भुलू नकोस, तशी पानं पुष्कळ वेलींना असतात. खोडाची कागदासारखी साल नखानं सोलली की आत हिरवं दिसतं. आडवा काप घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. फांद्यांवरून दोऱ्यांसारखी मुळं लोंबतात. थंडी सरताना पानं झडतात आणि नवखा माणूस वेल मेली समजून उपटून टाकतो. मग उन्हाळ्यात उघड्या वेलीवर बारीक पिवळसर फुलं येतात, आणि वेल मादी असेल तर पुढे लाल फळांचे घोस. हे सगळं स्वतः बघितल्याशिवाय तिला तोंडात घालू नकोस. हिच्याच जातकुळीतली दुसरी एक वेल आहे, तिच्या खोडावर ठळक गाठी असतात. लोक तीही गुळवेल म्हणून उकळतात.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती. वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. मला त्यातून एवढंच कळतं की ज्याला वेल ओळखता येत नाही त्यानं काढा करू नये, आणि ओळखता आली तरी आजीच्या शुगरच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला देऊ नये. ‘घरचं आहे, त्रास कसला’ हे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नकोस. अडुळसाही घरचाच, पण गरोदर बाईला तो द्यायचा नसतो. कोरफडीचा गर काढताना पिवळा चीक नीट निथळू दिला नाही तर जुलाब लागतात.

कोरोनाच्या दिवसांत आमच्या लेआउटमधले लोक माझ्या दारात कांड्या मागायला यायचे. कोणी रस्त्याकडेची वेल तोडून आणायचे आणि ‘ताई, हीच ना?’ विचारायचे. खात्री नसली की मी नाही म्हणायची. यकृताचा जुना त्रास असलेल्या माझ्या नणंदेलाही मी नाहीच म्हटलं, आणि तेव्हापासून तिनं बोलणं सोडलं. सणावाराला ते खुपतं. पण उद्या ती पुन्हा दारात आली तरी माझं उत्तर तेच राहील. मला हट्टी म्हणतात, म्हणोत. झाडाला वर्ष न देता औषध वाटत सुटणाऱ्यांपेक्षा हा हट्ट बरा.

मातीचं थोडक्यात सांगते. आपली काळी माती नुसती कुंडीत भरू नकोस. पावसात पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगा पडतात. वाळू आणि घरचं कुजलेलं खत सढळ हातानं मिसळ. संत्र्याच्या साली बारीक चिरून, वाळल्या पानांसोबत कुजव. कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडाला घालू नकोस, पाणी उडून जातं आणि क्षार त्यातच साचतात. कीड पडली तर जून-जुलैत रस्त्यावर पडलेल्या निंबोळ्या वेच, वाळवून कुटून ठेव. 50 ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळ, आणि संध्याकाळीच फवार. उन्हात तिचा जोर टिकत नाही.

आता नोकरीचं. ती सोडून ‘हर्बल’चं दुकान काढायचं म्हणतोस. तुझी तळमळ खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण आज तुझ्याकडून कोणी वाळलेली पानं विकत घेतली आणि विचारलं, ही कुठल्या महिन्यात तोडली, फुलोऱ्याआधी की नंतर, तर काय सांगशील? नोकरी कर. पाऊस लागला की माझ्याकडे ये, कांडी मी देते. पुढचा मे त्या वेलीसोबत काढ. मग दुकानाचं बोलू.

तुझी,
ताई