मृगातला घोडा आणि शेजारचा अल्निटाक

प्रश्न : जांबोटीजवळच्या आमच्या शेतातून मी मृगातल्या अश्वशीर्ष तेजोमेघाचे फोटो काढतो. साधा डीएसएलआर, 200 मिमी लेन्स, खाली ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर. शेजारच्या अल्निटाक ताऱ्याभोवती निळसर वलय येतं आणि घोडा त्यात बुडतो. एक्स्पोजर निम्मं केलं, पण फोटो एकावर एक रचून एकत्र (स्टॅक) केल्यावर वलय तसंच!
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : तसंच राहणार. एक्स्पोजर घटवलं की ताऱ्याचा उजेड घटतो तसा तेजोमेघाचाही घटतो, आणि फोटो एकत्र केले की जुनं प्रमाण परत येतं. फार तर ताऱ्याचा गाभा थोडा कमी पांढराफटक पडेल.

अल्निटाक म्हणजे बाणाच्या तीन ताऱ्यांतला पूर्वेकडचा. घोडा त्याच्यापासून जेमतेम अर्ध्या अंशावर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतक्या अंतरावर. तेव्हा काचेतला जरासा दोषही तिथे महागात पडतो. लेन्सवर यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी जादा काच, आहे का? ‘काच सांभाळते’ म्हणून दुकानदार तो हमखास गळ्यात मारतात. आधी तो काढा. मग तारा फ्रेमच्या कडेकडे नेऊन बघा. वलय ताऱ्यावरून एका बाजूला घसरलं, तर ते काचांमधलं परावर्तन. ताऱ्याला चिकटूनच राहिलं, तर दवाचा किंवा धुरकट हवेचा संशय घ्या. तुमच्या जंगलपट्ट्यात थंडीत लेन्स ओली होतेच, तिला ऊब देणारा पट्टा गुंडाळा. आणि शेजारी उसाचा पाला पेटवला असेल, त्या रात्री सरळ झोपा.

मृग उगवताना बेळगावच्या उजेडाच्या बाजूला असतो, म्हणून घाई नको. डिसेंबरअखेर रात्री साडेअकराच्या सुमारास तो दक्षिणेला क्षितिजापासून 72 अंश उंचीवर येतो. खरं काम तेव्हा.

राहिला घोड्यामागचा लाल रंग. घोडा स्वतः काळा, धुळीचा. तो दिसतो मागच्या हायड्रोजनच्या 656.3 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशामुळे. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर तोच प्रकाश बराचसा अडवतो. डोळ्यालाही तो जवळपास दिसत नाही. 1888 साली विल्यमिना फ्लेमिंग यांनी हा घोडा शोधला तोही हार्वर्डच्या फोटोप्लेटवर. कॅमेऱ्यातला तो अडवणारा फिल्टर काढून घेतला आणि फक्त तेवढाच लाल प्रकाश सोडणारा अरुंद फिल्टर लावला, तर अल्निटाक खूपच दबतो, कारण त्याचा उजेड सगळ्या रंगांत विखुरलेला. पण असे काही फिल्टर स्वतःच वलय पाडतात आणि किंमतही बरीच असते. तो खर्च एवढ्यात करू नका. घोडा फिकट आला तरी चालेल, आधी येऊ तर द्या.