जॅझ कलाकाराची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारले आहे की जॅझची गोडी नुकती लागली आहे, चार मोठी नावे परिचयाची झाली आहेत, पण एकेका नावापुढे ध्वनिमुद्रिकांची एवढी मोठी यादी दिसते की त्या कलाकाराची वाटचाल काही केल्या उलगडत नाही. तर नेमके कोणाला धरून पुढे जावे? मी स्वतः कोणतेही वाद्य वाजवत नाही, अनेक वर्षांचा केवळ श्रोता आहे, आणि माझे उत्तर थोडे आडवळणाचे आहे. मुखपृष्ठावर ज्याचे नाव ठळक छापलेले असते त्याला काही दिवस बाजूला ठेवा आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेल्या साथीदारांपैकी एकाचा माग काढा. ज्याच्या नावाने ध्वनिमुद्रिका निघते तो बहुधा आपल्याच संगीताच्या विचारात असतो. साथीदार मात्र आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे वाजवत असतो, आणि त्याच्या मागे मागे गेले की एकाच काळातली चार वेगवेगळी डोकी कशी चालत होती हे आपोआप कानावर पडते.

माझ्यासाठी हा साथीदार म्हणजे डबल बेस, म्हणजे उभे धरून वाजवायचे मोठे खर्जातले तंतुवाद्य, वाजवणारा पॉल चेंबर्स. त्याचा जन्म २२ एप्रिल १९३५ रोजी पिट्सबर्गमध्ये झाला, तो वाढला डेट्रॉईटमध्ये, आणि १९५५ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात दाखल झाला. तिथे तो सुमारे सात वर्षे टिकला. त्या संचातून या काळात कितीजण आले आणि गेले हे पाहिले तर हा टिकाऊपणा किती दुर्मीळ होता ते ध्यानात येईल.

१९५९ चा वसंत ऋतू घ्या. डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या तीसाव्या रस्त्यावरील स्टुडिओत दोन बैठकींत झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल. म्हणजे दुसरी बैठक नेमकी चेंबर्सच्या चोविसाव्या वाढदिवशी होती. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नसताना, ४ आणि ५ मे रोजी, तोच चेंबर्स सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’साठी वाजवत होता. ही दोन संगीते एकमेकांपासून जितकी लांब असू शकतात तितकी लांब आहेत. ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेत बत्तीस मात्राखंडांसाठी, म्हणजे बारांसाठी, अवघे दोन स्वरसमूह आहेत. सोळा बार एकावर, आठ बार अर्धा स्वर वर आणि उरलेले आठ पुन्हा पहिल्यावर. ‘जायंट स्टेप्स’ या शीर्षक रचनेत मात्र सोळाच बार आहेत आणि त्यांत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, अतिशय वेगाने बदलत तीन वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांतून फिरतात. एका ठिकाणी वादकासमोर मोकळे मैदान आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दर पावलाला वळण.

आता बेस ऐका. ‘सो व्हॉट’मध्ये पियानो आणि बेसची संथ, जणू चाचपडणारी प्रस्तावना संपली की मुख्य धून चेंबर्सच मांडतो, आणि पियानो त्याला दोन कॉर्डचे उत्तर देतो, मग तेच उत्तर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन द्यायला लागतात. बेसने बोलायचे आणि बाकीच्यांनी होकार भरायचा, ही मांडणी त्या काळी नेहमीची नव्हती. मी कितीतरी वर्षे हा भाग ‘ट्रम्पेट सुरू होण्याआधीचा’ म्हणूनच ऐकत होतो, याची आज थोडी लाज वाटते. ‘जायंट स्टेप्स’मध्ये याउलट चेंबर्सला स्वतःचे काही मांडायला उसंतच नाही, तो प्रत्येक बदलत्या कॉर्डचा पाया वेळेवर घालत धावतो. पियानोवर टॉमी फ्लॅनॅगन आहे, आणि त्याचा एकलवादनाचा भाग सुरुवातीला एकेका स्वराच्या ओळींत चालून पुढे तुटक कॉर्डांवर येतो. तो तिथे अडखळला असे सर्वजण म्हणतात, आणि ते खरेही आहे, पण खालचा बेस जराही डळमळत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. फ्लॅनॅगनने १९८२ मध्ये कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ हीच रचना स्वतःच्या त्रिकुटासह पुन्हा वाजवली. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर एका पियानोवादकाची तेवीस वर्षे डोळ्यांसमोर उभी राहतात. कोल्ट्रेनच्या त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘मिस्टर पी. सी.’ ही द्रुत ब्लूज रचना चेंबर्सच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते.

दुसरी सवय तारखांची लावून घ्या, आणि ती प्रकाशनाच्या वर्षाची नव्हे तर ध्वनिमुद्रणाच्या दिवसाची. डेव्हिसने कोलंबियाशी करार केला तेव्हा प्रेस्टिज या जुन्या कंपनीचे देणे बाकी होते. ते फेडण्यासाठी त्याने ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत भरपूर संगीत वाजवून दिले. कंपनीने मात्र ते पुरवून पुरवून वापरले आणि त्यातून चार ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांतली शेवटची १९६१ मध्ये. केवळ प्रकाशनाचे वर्ष पाहणाऱ्याला वाटेल की १९६१ मध्ये डेव्हिस अशा पद्धतीने वाजवत होता. प्रत्यक्षात तोवर कोल्ट्रेन आणि पियानोवादक रेड गार्लंड दोघेही त्याच्या संचातून बाहेर पडले होते.

तारखा कलाकारांच्या आठवणींनाही ताळ्यावर आणतात. गार्लंड, चेंबर्स आणि ड्रमवादक फिली जो जोन्स हे तिघे डेव्हिसबरोबर लॉस एंजेलिसमध्ये असताना, १९ जानेवारी १९५७ रोजी, सॅक्सोफोनवादक आर्ट पेपरने त्यांना घेऊन एक अप्रतिम ध्वनिमुद्रिका केली. पेपर पुढे सांगत असे की त्याला हे त्या दिवशी सकाळीच कळले आणि कित्येक महिन्यांत त्याने वाद्याला हातही लावला नव्हता. गोष्ट छान आहे, परंतु त्याच महिन्यात तो दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेसाठी वाजवून मोकळा झाला होता. मला त्यात लबाडी दिसत नाही. ते वादन ऐकताना कथाच खरी वाटावी इतके ते ताजे आहे.

चेंबर्सने स्वतःच्या नावाने केलेल्या ध्वनिमुद्रिका थोड्या आहेत आणि त्या ऐकण्याची घाई करू नये असे माझे मत आहे. ‘बेस ऑन टॉप’ (१९५७) ही त्यांतली सर्वात सुबक. तिच्या आरंभी तो गज फिरवून वाजवतो. हा गजाचा आवाज खरखरीत आहे, आणि कितीही प्रेम असले तरी मला तो एका बैठकीत फार वेळ सोसत नाही. त्यापेक्षा पियानोवादक सनी क्लार्कची ‘कूल स्ट्रटिन’ (१९५८) किंवा सॅक्सोफोनवादक हँक मोबलीची ‘सोल स्टेशन’ (१९६०) लावा. तिथे तो केवळ चालतो, म्हणजे तालाच्या ठोक्यागणिक एकेक स्वर टाकत जातो, आणि त्या चालण्यातच त्याचे सारे कसब आहे. डेव्हिसचा संच सोडल्यावर तो पियानोवादक विंटन केली आणि ड्रमवादक जिमी कॉब यांच्याबरोबर त्रिकुटात वाजवत राहिला. दारू आणि हेरॉईनने शरीर पोखरले होते; ४ जानेवारी १९६९ रोजी क्षयाने तो गेला तेव्हा अवघा तेहतीस वर्षांचा होता.

एवढे झाल्यावर एक परीक्षा स्वतःच घेऊन पाहा. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सने २४ मे १९५६ रोजी ‘टेनर मॅडनेस’ केली, तिच्यात बेसवर चेंबर्स आहे. चार आठवड्यांनी, २२ जून रोजी, ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ केली, तिच्यात डग वॉटकिन्स आहे, जो चेंबर्सच्या नात्यातला आणि डेट्रॉईटचाच. नावे न पाहता दोघे ओळखता आले तर मला अवश्य कळवा; माझी अजूनही तीनांत एकदा तरी चूक होते.