शुगरचा तक्ता एक सांगतो, किडनीचा दुसरंच

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 64, वजन 55 किलो, शुगर पंधरा वर्षांची, आणि आता रक्तात क्रिएटिनिन (किडनी थकली की वाढतो तो आकडा) 2.4 नि पोटॅशियम 5.6 आलंय. हातात दोन तक्ते आहेत. शुगरच्या तक्त्यात मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, टोमॅटोची कोशिंबीर भरपूर खा म्हटलंय, तर किडनीच्या तक्त्यात नेमकं तेच टाळा म्हटलंय. आई विचारतात, "मग मी खाऊ तरी काय?" माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, अगदी याच शब्दांत विचारलं होतं. त्यांचं पथ्य मी नऊ वर्षं सांभाळलं, त्यातली शेवटची दोन डायलिसिसची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवून दोन्हीकडे चालतं तेवढंच ताटात वाढायचं, असं कृपा करून करू नका. आम्ही तेच केलं. उरलं काय, तर भाकरी, दुधी आणि पातळ ताक. चार महिन्यांत अण्णा सहा किलोंनी उतरले. शर्टाच्या बाहीतून दंड काठीसारखे दिसायला लागले. आणि आम्ही खूश, कारण साखर खाली आली होती! ती पथ्यामुळे आली नव्हती. किडनी थकली की इन्सुलिनचा निचरा लवकर होत नाही, त्याच डोसचा असर जास्त वेळ टिकतो. त्यात खाणं तुटलेलं. एका पहाटे तीन वाजता ते घामानं चिंब भिजून असंबद्ध बोलत होते. मीटरवर साखर 48.

आईंची साखर अलीकडे आपोआप चांगली यायला लागली असेल, तर आधी डॉक्टरांना कळवा. डोस कमी करायची वेळ आलेली असू शकते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर तेही विचारा. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, 30 च्या खाली गेलं की ते बंद करतात, आणि या वयाच्या बाईचं 2.4 क्रिएटिनिन म्हणजे ईजीएफआर साधारण 22. साखर एकदम उतरली तर मोसंबीचा रस देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या.

आता मुख्य मुद्दा. दोन आजारांची पथ्यं भांडायला लागली की आज कोणता आकडा जिवावर बेतू शकतो ते बघायचं आणि त्याचं आधी ऐकायचं. तुमच्याकडे तो आकडा पोटॅशियमचा आहे. ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा आधी काही जाणवतही नाही.

आमच्याकडे हे आषाढी एकादशीला कळलं. शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, दोन केळी, आणि उपास लागू नये म्हणून दुपारी शहाळं. सगळं घरचं, सात्त्विक, आणि जवळजवळ प्रत्येक पदार्थ पोटॅशियमनं भरलेला. शहाळ्याच्या 100 मिलीत साधारण 250 मिलीग्रॅम, म्हणजे एका शहाळ्यात सहज 600. द्वादशीला पाय लटपटायला लागले. पोटॅशियम 6.4, ईसीजी बदललेला, लगेच भरती. पुढच्या उपासाला मी वरीचा भात, थोड्या दह्याची कढी आणि काकडी केली. त्यांनी कुरकूर केली, पण जेवले.

भाज्या बंद करायच्या नाहीत. भाज्या तोडल्या की बद्धकोष्ठ होतं, आणि किडनी कमी पडते तेव्हा बरंचसं पोटॅशियम शौचावाटेच बाहेर पडत असतं. दुधी, दोडका, पडवळ, घोसाळं, कोबी यांच्यावर भर द्या. बटाटा, सुरण, पालेभाजी क्वचित करायची झाली तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. नुसतं रात्रभर भिजत घालून बटाट्यातलं पोटॅशियम फारसं निघत नाही, उकळायलाच हवं. हेच डाळीचं. जास्त पाण्यात शिजवा, वरचं पाणी काढा. म्हणजे कटाची आमटी आणि भाज्यांचं सूप, जे आपण आजाऱ्याला हौसेनं देतो, ते आईंना नको. सगळं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरलेलं असतं.

भातही पूर्ण बंद करू नका. शुगरवाल्यांना भाताची भीती घातलेली असते, पण भातात पोटॅशियम आणि फॉस्फरस (तोही थकलेल्या किडनीमुळे अंगात साठतो) दोन्ही कमी. 1940 च्या दशकात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्प्नर हे डॉक्टर किडनीच्या रुग्णांना भात, फळं आणि साखर यांवरच ठेवत. तसं करायचं नाही, पण मोजून एक वाटी भात, सोबत भाजी आणि वरण, याला आमच्या डॉक्टरांनी कधी हरकत घेतली नाही.

मिठाबद्दल दोन्ही तक्ते एकमतानं बोलतात: दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, सपाट चहाचा चमचाभर. मी रोज सकाळी एका छोट्या डबीत अण्णांचं मीठ काढून ठेवायची आणि त्यांच्या जेवणात त्याच डबीतलं घालायची. डबी संध्याकाळीच रिकामी झाली की कळायचं, आज हात सैल सुटला. लोणचं आणि पापड त्या हिशेबात बसतच नाहीत. फोडणीत लसूण आणि ओवा, वरून लिंबाचे चार थेंब, यावर जीभ महिन्याभरात वळते. मात्र "लो सोडियम" मीठ घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. आमच्याकडे एका नातेवाइकांनी ते प्रेमानं आणून दिलं होतं.

प्रोटीनचा घोळ सगळ्यात मोठा. डायलिसिस नसताना किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम, म्हणजे आईंना 44 च्या आसपास. दोन भाकऱ्यांत 10, दोन वाट्या वरणात 10 ते 12, कपभर दुधात 6, वाटीभर दह्यात 4, एका अंड्यात 6, बाकी पोळी-भातातून. म्हणजे डाळ बंद नाही, मोजून. पुढे डायलिसिस लागलं तर हाच हिशेब उलटा होतो, 1 ते 1.2 ग्रॅम लागतं, कारण डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं. तरी जुन्या धाकानं डाळ-अंडी बंद ठेवणारी कितीतरी घरं मी डायलिसिसच्या बाकावर पाहिली. ती माणसं उपाशी राहत होती, यापेक्षा सौम्य शब्द मला सुचत नाही.

एक फळ मात्र कायमचं बंद: कमरख, कोकणात करमळ म्हणतात ते पाच धारांचं आंबट फळ. थकलेल्या किडनीला त्यातलं विष बाहेर टाकता येत नाही. न थांबणारी उचकी लागते, माणूस भ्रमतो, झटके येतात.

पाकिटाच्या मागे 338 ते 343 किंवा 450 ते 452 हे आकडे दिसले तर ते फॉस्फेट, म्हणजे वरून घातलेला फॉस्फरस आहे, आणि डाळीतल्यापेक्षा हे कितीतरी जास्त शोषलं जातं. कोला आणि प्रोसेस्ड चीज तेवढ्यासाठी टाळा.

बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल असेल तर तिनंही पोटॅशियम वाढतं, पण ती किडनीला जपतेही. स्वतःहून बंद करू नका, पुढच्या भेटीत विचारा. 5.6 आलंय तेव्हा ती भेट महिन्यावर ढकलू नका, या आठवड्यात फोन करा आणि रक्त पुन्हा तपासून घ्या. तोवर चार दिवस आई काय काय खातात ते वहीत लिहून ठेवा, चहासोबतच्या खारीसकट, आणि रिपोर्टसोबत ती वही किडनीच्या आहारतज्ज्ञांना दाखवा.