विचारा तर खरं: मड्यांना हात लावायचं शिक्षण कुठं मिळतं?

प्रश्न : मॅडम, मी कागलची. वय २२, झूऑलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेय. दोन वर्षांपूर्वी माझे चुलते सौदीत वारले. पार्थिव बाराव्या दिवशी घरी आलं. पेटी उघडल्यावर आजीनं त्यांच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, ‘झोपलाय गं.’ देह असा टिकवायचं काम कोण करतं, मला करता येईल का, हे तेव्हापासून डोक्यात आहे. मोबाइलवर अमेरिकेतल्या एम्बाल्मर, म्हणजे मृतदेहात रसायन भरून तो टिकवणाऱ्या मुलींचे व्हिडिओ बघते. वडील म्हणतात, ‘मड्यांना हात लावायला शिकवलं का तुला?’ कोर्स कुठं असतो? पगार किती? आणि बाईला जमतं का?

उत्तर : शेवटून सुरू करते. मी ३१ वर्षं अॅनाटॉमी म्हणजे शरीररचना शिकवली, त्यातली बहुतेक कोल्हापुरात. पहिलं एम्बाल्मिंग केलं तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. सासूबाईंनी विचारलं, आज उशीर का झाला? म्हटलं, प्रॅक्टिकल होतं. बॉडी टेबलावर घ्यायला चार माणसं लागतात, ती पुरुष डॉक्टरलाही लागतातच. तेव्हा जमण्याचा प्रश्न मिटला.

कोर्सचं मात्र अवघड आहे. तू बघतेस त्या मुली तिकडं मॉर्च्युअरी सायन्स शिकतात, परीक्षा देतात, लायसन्स काढतात आणि फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची सोय करणाऱ्या ठिकाणी, नोकरी करतात. हा धंदा तिकडं वाढला १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात. पोरगा मैलोन्‌मैल लांब पडला, तर घरच्यांना तो गावात आणून पुरायचा असायचा. आपल्याकडं सकाळी माणूस गेला की दुपारी पंचगंगेच्या घाटावर शेणी रचलेल्या असतात. टिकवायचं कशासाठी? आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं विशीचं. त्यांनाही कुणी परत आणलं नाही. परवानगी काढून तिथंच आर्नो नदीच्या काठी दहन केलं. आजही तिथल्या बागेत त्यांच्या स्मारकाची छत्री उभी आहे. (इटलीला जाऊन नुसते पिसाचे फोटो काढून येणाऱ्या कोल्हापूरकरांनो, ऐकताय ना?) महाराजांचं सोड, पण सौदीचा कामगार, पुण्यातून विमानानं न्यायचा मजूर, ही सगळी गरज अलीकडची. म्हणून बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंत तुला ‘एम्बाल्मर’ अशी एकही पाटी दिसणार नाही.

इथं हे काम होतं मेडिकल कॉलेजच्या अॅनाटॉमी विभागात. सर्टिफिकेटवर सही डॉक्टरची असते. हात डॉक्टरचे असतात आणि ‘मामां’चेही. मामा म्हणजे डिसेक्शन हॉलचे, देह उघडून शिकवतात त्या खोलीचे, अटेंडंट. मी एम.डी. करताना पुस्तक पाठ करून गेले होते, तरी जांघेतली धमनी बोटाला लागली ती मामांनी हात धरून दाखवल्यावर. ते म्हणाले, ‘मॅडम, बाहेरून आत, आधी नस, मग धमनी, मग शीर. घाई केली की शीर फाटती.’ नस म्हणजे त्यांच्या भाषेत नर्व्ह. मेलेल्या माणसाची धमनी जवळजवळ रिकामी असते, पांढरट, जाड भिंतीची, रबराच्या नळीसारखी. एकदा ओळखली की विसरत नाही.

तिथं छेद घेऊन कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, बसवतो. उंच स्टँडवर कॅन टांगलेला असतो, नाहीतर पंप असतो. त्यात फॉर्मॅलिन, स्पिरिट, ग्लिसरीन, थोडं कार्बोलिक आणि पाणी. ग्लिसरीन नसेल तर कातडी लाकडासारखी होते. आधी डोक्याकडं सोडायचं, मग पायाकडं. विद्यार्थ्यांसाठी ठेवायचा देह असेल तर आठ-दहा लिटर जातं, प्रवासासाठी कमी. त्याआधी हातापायांचे सांधे चोळून सैल करायचे, जबडा आणि पापण्या नीट मिटवायच्या. फॉर्मॅलिननं शरीर ताठलं की तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. मग बघत बसायचं. कानाची पाळी, नखं, हाताच्या मागच्या शिरा. द्रव पोचला की तिथं कळतं.

एकदा शिरोलीच्या एमआयडीसीतला बिहारचा पोरगा आणला होता, तुझ्याच वयाचा. तापानं गेला होता. बाहेर त्याचा भाऊ उभा. विमान पुण्याहून सकाळी, म्हणून मी जरा घाईत होते, पंपाचा दाब वाढवायला गेले. दारातून भावानं विचारलं, ‘मॅडम, माँ पहचान लेगी ना?’ दाब वाढला की चेहरा सुजतो, डोळे पुढं येतात. मी पंप बंद केला आणि कॅन टांगून ठेवला. दोन तास लागले. त्यानंतर कुणाच्याही विमानासाठी मी पंप वाढवला नाही.

आता जे व्हिडिओत दिसत नाही ते. बॉडी आली की सुरीला हात लावण्याआधी कागद मागायचे. अपघात, आत्महत्या, भाजणं, विष, संशयास्पद किंवा अचानक मृत्यू असला, तर पोस्टमॉर्टेम आणि पोलिसांची एनओसी आधी. फॉर्मॅलिन आत गेलं की विषाची तपासणी बिघडते. नातेवाईक रडतात, गावचे पुढारी फोन करतात, तरी नाही म्हणायचं. पोस्टमॉर्टेम झालेला देह आला की काम दुप्पट. आतल्या रक्तवाहिन्या कापलेल्या असतात, म्हणून डोकं, हात, पाय सगळ्यांना वेगवेगळं इंजेक्शन द्यावं लागतं. मृत्यूचा दाखला, एम्बाल्मिंगचं सर्टिफिकेट, पोलिसांची एनओसी आणि पेटी बंद केल्याचं पत्र, एवढं नसेल तर विमान कंपनी पेटी घेत नाही. तेव्हा निम्मं काम फायलीचं.

आणि फॉर्मॅलिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मॅलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडला २००४ मध्ये माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं. आम्ही तोंडाला रुमाल बांधून काम केलं, हा शहाणपणा नव्हता. तू एक्झॉस्ट पंखे चालू आहेत का हे नोकरीच्या मुलाखतीत विचार. खुशाल विचार. हिपॅटायटिस बीची तीन इंजेक्शनं आधीच घे. पहिलं आज, दुसरं महिन्यानं, तिसरं सहाव्या महिन्यात.

रस्ते दोन. मेडिकल एम.एस्सी. अॅनाटॉमी, तीन वर्षं. काही विद्यापीठं जीवशास्त्राच्या बी.एस्सी.ला प्रवेश देतात. पण पुढं शिकवायचं म्हणशील तर डॉक्टर नसलेल्यांच्या जागा अलीकडं आक्रसल्या आहेत, हे जाणून पैसे भर. दुसरा रस्ता अॅनाटॉमी विभागात टेक्निशियन म्हणून लागणं. पगार टेक्निशियनचाच. नुसत्या एम्बाल्मिंगवर इथं घर चालणार नाही. बाहेरच्या केसेस आमच्याकडं कधी महिन्यात चार आल्या, कधी दोन महिने एकही नाही. मला विचारशील तर दुसरा रस्ता धर. वर्षभर डिसेक्शन हॉलमध्ये काढ आणि नाक, डोळे नि मन काय म्हणतंय ते बघून मग एम.एस्सी.चा फॉर्म भर. त्याआधी विभागप्रमुखांना लेखी अर्ज देऊन एक दिवस नुसती उभी राहा.

वडिलांना इतकंच सांग: सौदीत कुणीतरी चुलत्यांना हात लावला, म्हणून आजीला लावता आला.

प्रश्न : वडिलांनी देहदानाचा फॉर्म भरलाय. वय ८१. रात्री-अपरात्री घरीच गेले तर आम्ही काय करायचं? घरीच इंजेक्शन देणारं कुणी मिळतं का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : घरी काही टोचायचं नाही, ते काम कॉलेजचं. फॉर्मची प्रत आणि कॉलेजचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा. घरातल्या सगळ्यांची संमती आत्ताच घ्या. ऐनवेळी एका मुलानं नको म्हटलं की कॉलेज देह घेत नाही, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. नेहमीच्या डॉक्टरांकडून कारण लिहिलेला दाखला घ्या. सकाळपर्यंत थांबावं लागलं तर बर्फाची पेटी मागवा. अपघाती मृत्यू असेल, काही संसर्ग असेल किंवा अंगावर मोठ्या जखमा असतील तर नकार येऊ शकतो, मग राग धरू नका.

नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत, आणि देहदानाला त्याची अडचण होत नाही. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि खोलीतला पंखा बंद करा.