ओळखा पाहू: आधी बघा, मग चप्पल उचला

या वेळच्या पत्रांतला जवळजवळ प्रत्येक किडा तपकिरी आहे. एक 'मध्यम तपकिरी', एक 'तपकिरी पण जरा राखाडीकडे झुकणारा'. मंडळी, रंगावर फार विसंबू नका. पुष्कळ जातींत नर एका रंगाचा असतो आणि मादी दुसऱ्या. नुकतीच कात टाकलेलं झुरळ काही तास पांढरंफटक दिसतं आणि लोक ते 'नवीन जातीचं' म्हणून मला कळवतात. किडा कुठे होता, काय करत होता आणि डिवचल्यावर त्याने काय केलं, एवढं लिहिलंत तर अर्धं काम झालं.

प्रश्न : ताई, बेडरूमच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी वस्तू चिकटलेली असते. आधी वाटलं सिमेंटचा कण असेल. काल पाहिलं तर ती वीतभर वर सरकलेली! हे कशाचं अंडं आहे का?

उत्तर : अंडी चालत नाहीत. ही एका बारीकशा राखाडी पतंगाची अळी आहे आणि तुम्हाला दिसतंय ते तिचं घर. लोकर कुरतडणारे पतंग ज्या कुळातले, त्याच कुळातली ही. इंग्रजीत हिला हाउसहोल्ड केसबेअरर म्हणतात. उष्ण आणि दमट हवेच्या प्रदेशांत घरोघरी असते, फक्त कोणी तिच्याकडे बघत नाही.

अळी स्वतःच्या रेशमाची पिशवी विणते आणि तिच्यावर वाळूचे कण, भिंतीचा चुरा, धूळ, कापडाचे तंतू असं हाताशी येईल ते चिकटवते. पूर्ण वाढलेली पिशवी साधारण 1 सेंटिमीटर लांब, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. ही दोन्ही टोकं उघडी असतात. एकदा भिंग घेऊन शांतपणे उभ्या राहा. एका टोकाची फट उघडेल, गडद डोकं बाहेर येईल, मागोमाग पायांच्या 3 जोड्या येऊन भिंत धरतील आणि पिशवी फरफटत पुढे ओढली जाईल. बोट लावलंत की डोकं आत. मग थोडा वेळ काहीच होत नाही, आणि बाई एकदम दुसऱ्याच टोकातून डोकं काढून उलट दिशेने चालू लागतात! आतल्या आत वळायला जागा असते ना.

ती भिंत खात नाही. कोळ्यांची जुनी जाळी, मेलेले किडे, गळलेले केस, लोकर हे तिचं अन्न. म्हणून ती पलंगामागे आणि कपाटाच्या आडोशाला जास्त दिसते. कोपऱ्यांतली जाळी काढा, पलंगाखालचा केर नियमित काढा, खोलीत ओल असेल तर ती कमी करा. फवारणीच्या भानगडीत पडू नका, ती पिशवीच्या आत निवांत बसलेली असते. पिशवी हलत नसेल आणि टोकातून पातळ, रिकामं साल डोकावत असेल, तर पतंग केव्हाच उडून गेलेला आहे.

प्रश्न : न्हाणीघरात तळहाताएवढा कोळी आहे. पोटाखाली पांढरी गोल चकती धरून फिरतो. घरात लहान मूल आहे. विषारी असेल का?

उत्तर : चकती धरलेली म्हणजे 'फिरतो' नव्हे, 'फिरते'. ती अंड्यांची पिशवी आहे. तुमच्या वर्णनाशी हंट्समन कोळी जुळतो. हा जाळं विणत नाही, रात्री पळून शिकार करतो आणि त्याची आवडती शिकार झुरळ. पाय पुढे-मागे न ठेवता दोन्ही बाजूंना पसरलेले आणि शरीर चपटं, त्यामुळे आरशामागच्या फटीतही मावतो. मादी पिशवी उचलून हिंडते त्या काळात सहसा खात नाही.

जवळजवळ सर्वच कोळ्यांप्रमाणे याच्याकडे विष आहे, ते किड्यांसाठी. मुठीत पकडलात तर चावेल आणि दुखेल, पण माणसाच्या जिवाला धोका नाही. तरी लहान मूल आहे म्हणता, तर बाहेर सोडा. रुंद तोंडाची बरणी वरून ठेवा, खालून जाड कागद सरकवा. झाडूने मारायला गेलात आणि पिशवी फुटली, तर शेकडो पिल्लं न्हाणीघरभर होतील, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : मी आठवीत आहे. कुंडीतल्या झाडावर एक मुंगी मिळाली. तिचे पाय मोजले तर आठ भरले. मैत्रीण म्हणते, दोन पाय म्हणजे मिशा. कोण बरोबर?

उत्तर : तू. शाबास, पाय मोजायचं सुचणारे फार थोडे. ती मुंगी नाही, मुंगीचं सोंग घेतलेला उडी मारणारा कोळी आहे. मुंगीला सहा पाय आणि कोपरात वाकल्यासारख्या दोन मिशा असतात. कोळ्याला मिशाच नसतात, म्हणून हा पुढचे दोन पाय उचलून हवेत हलवतो. सोंग इतकं पक्कं की चालही मुंगीची, थांबत, वळत, नागमोडी. कोळ्याच्या शरीराचे खरे भाग दोनच, पण याने पुढच्या भागाला मधे खाच देऊन तीन भासवले आहेत. त्याला समोरून बघ: दोन मोठे टपोरे डोळे तुझ्याकडेच रोखलेले दिसतील, मुंगीचे डोळे तसे नसतात. आणि काडीने हळूच पानावरून ढकल. मुंगी पडेल, हा मात्र धाग्याला लोंबकळेल. नराचे जबडे खूप लांब, पुढे आलेले असतात, तेव्हा तोंडात काहीतरी धरल्यासारखं दिसलं तर तो नर. मैत्रिणीलाही दाखव.

प्रश्न : सकाळी उठलो तर मानेवर लाल लांबट पट्टा, आग होते आहे, आता बारीक फोडही आले. घरचे म्हणतात रात्री अंगावरून कोळी फिरला.

उत्तर : कोळ्यावर आळ घेण्याची ही फार जुनी सवय. कोळी नुसता अंगावरून फिरला तर असे फोड येत नाहीत. नेमकं निदान डॉक्टरांनी बघूनच होईल, कारण नागीणही अशी पट्ट्याने उठते. पण आदल्या एक-दोन रात्री दिव्याशी बारीक, लांबट किडे येत होते का, ते आठवा. सुमारे 1 सेंटिमीटरपेक्षा लहान, डोकं काळं, त्यामागे नारिंगी, मग निळसर चकाकणारे आखूड पंख, पुन्हा नारिंगी आणि शेवटचं टोक काळं. डिवचलं की शेपटीकडचा भाग वर उचलतो. इथे मात्र रंगच ओळख पटवतो, सुरुवातीला मी काहीही म्हटलं असलं तरी.

हा पेडेरस नावाचा भुंगेरा. तो चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून आपण झोपेत हात मारून त्याला चिरडतो, आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीवर पसरतं. जिकडे हात फिरला तिकडे पट्टा. त्रास लगेच जाणवत नाही, साधारण 24 ते 48 तासांनी फोड दिसतात, म्हणून गुन्हेगार सापडत नाही. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारा किंवा कागदावर चढवून बाजूला करा. चिरडलाच गेला तर ती जागा आणि हात लगेच साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू नका. अभ्रा, चादर धुवायला टाका. रात्री उघड्या खिडकीजवळचा प्रखर दिवा बंद ठेवा. डोळ्याजवळ उठलं असेल तर आजच डॉक्टर गाठा.

प्रश्न : कपाटामागे अधूनमधून मेलेला कोळी सापडतो. औषध मारलेलं नाही. कशाने मरत असतील?

उत्तर : मरत नाहीत, वाढताहेत. ती कात असावी. मेलेला कोळी पाय पोटाशी आवळून पडतो. कारण त्याचे मुख्य सांधे सरळ करायला स्नायू नसतात, शरीरातल्या द्रवाच्या दाबाने पाय ताठ होतात. जीव गेला की दाब जातो आणि पाय मिटतात. कात उजेडात धरा: पाय आतून पोकळ, वजन नाहीच, आणि पाठीवरची पुढची ढाल झाकणासारखी उचकटलेली. त्या झाकणावर भिंगातून बघाल तर डोळ्यांवरच्या पारदर्शक भिंगांचीही साल तशीच दिसते. तिथूनच तो बाहेर पडला, कपाटामागेच आहे.

प्रश्न : फोटो पाठवला आहे, कृपया ओळखावे.

उत्तर : चपलेचा ठसा उत्तम आला आहे, नक्षीसकट. किड्याबद्दल एवढंच सांगू शकते की तो होता. पुढच्या वेळी त्याच्यावर काचेचा ग्लास पालथा घाला, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि एक फोटो वरून, एक समोरून काढा. कोळी असेल तर समोरून हवाच, त्याच्या डोळ्यांच्या मांडणीवरून कूळ ठरतं.

प्रश्न : मोरीच्या भिंतीवर केसाळ पंखांचे इवलेसे पतंग बसतात. मारले तरी रोज नवे येतात.

उत्तर : पतंग नाहीत, माश्या आहेत. त्यांच्या अळ्या मोरीच्या पाइपात आतून साठलेल्या बुळबुळीत थरात वाढतात. भिंतीवरचे मारून काही होणार नाही. जाळी काढून पाइप ब्रशने आतून घासा.

प्रश्न : संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, सकाळी नुसते पंखांचे ढीग. मुंग्या की वाळवी?

उत्तर : पंख उचलून बघा. सगळे एकाच लांबीचे असतील तर वाळवी. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. किडा मिळाला तर कंबर बघा: मुंगीची बारीक, वाळवीची जवळजवळ नाहीच. खिडक्या उघड्या असतील तर ही मंडळी बाहेरून दिव्याला आलेली असू शकतात, घाबरू नका. खिडक्या बंद असतानाही खोलीत ढीग पडत असतील तर चौकटी, भिंतीचे तळ आणि कपाटांच्या पाठी तपासा. मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती मधोमध दोन बोटं खरवडून ठेवा. काही दिवसांत पुन्हा लिंपलेली आढळली तर आत वाळवी जिवंत आहे. मग वाळवीचं काम करणाऱ्या माणसालाच बोलवा. घरच्या डब्यातल्या फवाऱ्याने फक्त समोरच्या चार मरतात.